ताजिक संगीत ऐकायचंय? मग आधी पामीर, नंतर कुलोब, आणि शशमकोम सगळ्यात शेवटी

ताजिकिस्तानचं संगीत म्हटलं की सगळीकडे पहिलं नाव येतं शशमकोमचं. युनेस्कोच्या यादीतलं, दरबारी, भारदस्त. बरेच जण नेमकं तिथूनच ऐकायला सुरुवात करतात आणि वीसेक मिनिटांत सोडून देतात, कारण भाषा कळत नाही, चाल खूप वेळ एकाच ठिकाणी घुटमळतेय असं वाटतं, आणि आपल्या कानाला रागसंगीताची सवय असल्यामुळे आपण आलापाची, तानेची वाट बघत बसतो आणि ती काही येत नाही. मग "नाही बुवा आपल्याला झेपत" म्हणून विषयच संपतो. माझं म्हणणं असं की क्रम उलटा लावा. आधी पामीरच्या डोंगरातलं ऐका, मग दक्षिणेत कुलोबला उतरा, आणि कान तयार झाला की बुखारा-समरकंदच्या शशमकोमकडे जा. प्रत्येक भागाला किमान एक-दोन आठवडे द्या, रोज अर्धा तास पुरतो, फक्त हेडफोन लावून नीट ऐका, काम करताना मागे चालू ठेवलेलं यात उपयोगाचं नाही.

पायरी १: नकाशा समोर ठेवा

हे आधी करा, खरंच. ताजिकिस्तानचा नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त भाग डोंगराळ आहे, आणि हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद झाल्या की एका खोऱ्याचा दुसऱ्याशी संबंधच राहायचा नाही, त्यामुळे गाणं खोऱ्याखोऱ्यात वेगळं वाढलं. पूर्वेला बदख्शान, म्हणजे पामीर, मुख्य गाव खोरोग. दक्षिणेला खतलोन प्रांतात कुलोब. उत्तरेला खुजंद, इस्तरवशान, पंजकेंत आणि झरफशान नदीचं खोरं. आणि चौथी जागा आज देशाच्या बाहेरच आहे, ती म्हणजे बुखारा आणि समरकंद. १९२४ साली सोव्हिएत सरकारने मध्य आशियात नव्या सीमा आखल्या तेव्हा ही ताजिक बोलणारी दोन्ही शहरं उझबेकिस्तानात गेली, आणि १९२९ मध्ये ताजिकिस्तान वेगळं सोव्हिएत प्रजासत्ताक झालं. म्हणून शशमकोम दोन्ही देशांचं आहे आणि युनेस्कोच्या यादीतही दोघांच्या नावावर आहे. हे माहीत नसेल तर एकच चीज एका व्हिडिओखाली ताजिक आणि दुसऱ्याखाली उझबेक लिहिलेली बघून गोंधळ होतो.

अशीच एक सीमा पामीरमध्ये आहे. १८९५ च्या ब्रिटिश-रशियन करारानंतर पंज नदी हद्द ठरली, पलीकडचं बदख्शान अफगाणिस्तानात गेलं. गाणं मात्र नदीच्या दोन्ही काठांवर बरंचसं तेच राहिलं, त्यामुळे शोधताना अफगाण बदख्शानचं काही समोर आलं तर तेही ऐका.

पायरी २: वाद्यं आवाजावरून ओळखायला शिका

गायकाकडे लक्ष देण्याआधी वाद्याकडे द्या, कारण वाद्य ओळखता आलं की निम्म्या वेळा प्रदेश आपोआप कळतो.

सगळ्यात आधी पामीरी रुबोब. तुतीच्या किंवा जर्दाळूच्या लाकडाचा एकच ओंडका कोरून करतात, पोटावर कातडं ताणलेलं, मानेवर पडदे नाहीत, तारा सहा, पूर्वी आतड्याच्या असायच्या आता बहुतेक नायलॉनच्या. आवाज खोल, कोरडा, थोडा ठोकल्यासारखा, सूर फार वेळ टिकत नाही, म्हणून वादक लय धरून सतत छेडत राहतो. एक लक्षात ठेवा, ज्या अफगाण रबाबापासून आपला सरोद आला असं मानतात तो हा नव्हे, नाव एकच असलं तरी वाद्य वेगळं आहे, आणि तिसरा एक काशगरी रुबोब पण आहे, लांब मानेचा, पडदे असलेला, टणत्कारी आवाजाचा, तो तुम्हाला उत्तरेकडच्या वाद्यवृंदात जास्त ऐकू येईल. २०२४ मध्ये युनेस्कोने रुबोब बनवण्याची आणि वाजवण्याची कला यादीत घेतली, ती ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान या चौघांची मिळून.

दुसरं, गिजक. मांडीवर उभं धरून गजाने वाजवायचं वाद्य. बदख्शानमध्ये याचं पोट चक्क पत्र्याच्या डब्याचं असतं, त्यामुळे आवाज खरखरीत, नाकातला, आणि पहिल्यांदा ऐकताना कानाला टोचतो. पण फलक (डोंगरातलं दुःखाचं गाणं, त्याबद्दल पायरी ४ मध्ये) गाणाऱ्याच्या गळ्यासोबत तो असा काही चिकटतो की नंतर गुळगुळीत व्हायोलिन फिकं वाटायला लागतं, निदान मला तरी वाटतं.

तिसरं, तंबूर. इथे आपली हमखास फसगत होते. आपला तानपुरा नुसता आस धरतो, ताजिक तंबूर मात्र पूर्ण चाल वाजवतो. शशमकोमचं हे मुख्य वाद्य, लांब मान, बांधलेले पडदे, तीन तारा, आणि तर्जनीवर नखासारखी धातूची नखी चढवून वाजवतात. एकाच तारेवर चाल, बाकीच्या साथीला. हेच वाद्य गजाने वाजवलं की त्याला सातो म्हणतात, आवाज फार गंभीर. (पामीरमध्ये पण एका वाद्याला तंबूर म्हणतात, पण ते जाड, कातडं लावलेलं, रुबोबच्या घराण्यातलं आहे.)

बाकीची पटापट सांगतो. दुतोर म्हणजे दोन तारांचं, उत्तरेत मोठं आणि मऊ आवाजाचं, कुलोबकडे लहान. दुंब्रक त्याहून साधं, पडदे नसलेलं, शेतकऱ्या-मेंढपाळांच्या हातातलं. चंग म्हणजे काड्यांनी वाजवायचं, संतूरच्या जवळचं. नाय आडवी बासरी, तुलक शिट्टीसारख्या तोंडाची. सुरनाय म्हणजे आपल्या सनईची सख्खी नातलग, आणि तिच्यासोबत कर्नाय, जवळजवळ दोन मीटर लांब पितळी तुतारी, लग्नाच्या वरातीत हे दोन्ही वाजले की गल्लीच्या त्या टोकापर्यंत कळतं. तालासाठी दोयरा, म्हणजे आतून लोखंडी कड्या लावलेला डफ, पामीरमध्ये कड्या नसलेला मोठा डफ आणि कुलोबकडे मातीचा तबलक. काही ठिकाणी नाचणाऱ्यांच्या हातात कायरोक असतात, चपटे दगड, चिपळ्यांसारखे वाजवायचे.

सराव असा करा: एकेका वाद्याचं एकल वादन शोधून लागोपाठ दोन-तीनदा ऐका, मग डोळे मिटून एखादा समूह ऐका आणि कोण कोण वाजतंय ते कागदावर लिहा. आठवडाभरात रुबोब, गिजक आणि तंबूर तरी नक्की वेगळे कळायला लागतील, दुतोर आणि दुंब्रकला जरा वेळ लागतो.

पायरी ३: पामीर

पामीरमधले लोक बहुतेक इस्माइली पंथाचे, घरात शुग्नी, वखी अशा भाषा बोलतात, पण भक्तिगीतं गातात ती ताजिक म्हणजे फारसीत. या गाण्याला मद्दोह म्हणतात. नोसिर खुसरव, रूमी अशांचं काव्य, गाणारा स्वतः रुबोब किंवा तंबूर छेडतो, जोडीला डफ, आणि हे चालतं घरात, स्टेजवर नव्हे. पामीरी घराच्या मोठ्या दालनात पाच खांब असतात, ते पंजतनचे म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांचे मानतात, त्या खांबांच्या मधे सगळे बसतात. गुरुवारी रात्री, किंवा घरात कुणी गेलं की हमखास. सुरुवात अगदी संथ, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि मग लय टप्प्याटप्प्याने वाढत जाते.

ऐकताना एवढंच करायचं की मधे थांबायचं नाही. मद्दोह तुकड्यातुकड्यात ऐकलं तर पहिली दहा मिनिटं नीरस वाटतात आणि शेवटचा भाग नुसता गोंगाट, सलग ऐकलं तरच ती चढण कळते. आपल्याकडे भजनाला रात्रभर बसायची सवय असलेल्यांना हे मुळीच जड जाणार नाही.

मद्दोहनंतर इथलं लौकिक गाणं ऐका. दर्गिलिक म्हणजे दूर गेलेल्या माणसाच्या आठवणीचं, विरहाचं गाणं, साधी छोटी चाल, तीच ओळ फिरून फिरून. पामीरमधल्या वखान खोऱ्यातल्या बायका उन्हाळ्यात जनावरं घेऊन उंच कुरणांवर जातात तेव्हा बुलबुलिक गातात, वाद्य नाही काही नाही, छोटी छोटी कडवी, त्यातली बरीचशी तिथल्या तिथे रचलेली. आणि लग्नात डफावर रापो नाच. बदख्शानमध्ये डफ वाजवणाऱ्या बऱ्याचदा बायका असतात, चार-पाच जणी एकत्र मोठे डफ घेऊन बसल्या की जो आवाज होतो तो रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण येतच नाही.

इथूनच पुढे नवीन गाणं पण निघालंय. दालेर नझारोव आणि मुबोरकशो यांनी पामीरच्या चाली गिटारवर, बँडसोबत गायल्या आणि त्या सगळ्या ताजिकिस्तानात पोचल्या. पारंपरिक ऐकून झाल्यावर हे ऐकलं तर त्यातला पामीर ओळखू येतो.

पायरी ४: कुलोब आणि फलक

माझ्या मते या सगळ्या संगीताचा जीव इथे आहे. फलक म्हणजे आभाळ, आणि नशीब पण तेच, कारण वर आभाळात बसलेलं जे काही आहे त्याच्याकडेच तक्रार करायची. आई लेकरासाठी गाते, परमुलखात गेलेला माणूस गावासाठी गातो, मेंढपाळ डोंगरात एकटा गातो. शब्द बहुतेक चार ओळींचे, रुबाई किंवा दुबैती. २०२१ मध्ये फलक पण युनेस्कोच्या यादीत आलं, आणि ताजिकिस्तानात १० ऑक्टोबर हा फलकचा दिवस म्हणून पाळतात.

कसं ऐकायचं? पहिली गोष्ट, ताल शोधू नका. मूळ फलक मोकळ्या लयीत असतं. गायक बऱ्याचदा वरच्या सुरात हाक मारून सुरू करतो आणि मग हळूहळू खाली उतरत येतो, म्हणजे आपल्याकडे षड्जापासून वर चढत जातात त्याच्या उलटं. दुसरी गोष्ट, उतरताना सूर अगदी एकमेकांना चिकटून येतात, कोमल आणि शुद्ध एकामागोमाग एक, सगळी चाल फार थोड्या जागेत फिरते. आपल्या कानाला आधी "हे कुठल्या रागात बसतंय" असा प्रश्न पडतो, तो बाजूला ठेवा. हार्मोनियम असेल तर एक ओळ वाजवून बघा, लागून असलेल्या पट्ट्या एकेक करून खाली येतात ते हाताला लगेच कळेल, मात्र गाणारा त्या सुरांच्या मधल्या फटीत पण जातो ते काही पेटीवर निघणार नाही.

मोकळं फलक झालं की बऱ्याचदा त्यालाच जोडून तालातलं गाणं येतं, आणि कुलोबकडे ते पुष्कळदा सात मात्रांचं असतं. इथे मराठी श्रोत्याला आयता फायदा आहे, रूपक माहीत असलेल्याला तीन-दोन-दोन ही विभागणी अंगवळणी असते. फक्त हे रूपकापेक्षा बरंच जलद असतं आणि पहिल्या मात्रेवर दणका असतो, रूपकासारखी खाली नाही. टाळी देत मोजा, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन, आधी हळू व्हिडिओवर, मग वेग वाढवा. दहा-पंधरा मिनिटांत जमतं.

कुणाचं ऐकायचं? ओदिना होशिम, कुलोबचे, १९९३ मध्ये गेले, त्यांच्या आवाजातलं फलक ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग दवलतमंद खोलोव, गातात पण आणि गिजक, दुतोर वाजवतात पण, एकट्या माणसाने सगळी परंपरा हातात धरल्यासारखं वाटतं. दरवोझचे अकाशरीफ जुरायेव थोडे आधीच्या पिढीतले, जुनं रेकॉर्डिंग असलं तरी ऐका. १९९२ ते १९९७ या काळात ताजिकिस्तानात यादवी युद्ध झालं, हजारो माणसं मेली, आणि त्यानंतर लाखोंनी माणसं कामासाठी रशियात गेली, त्यामुळे घर सुटल्याचं दुःख हा फलकचा विषय तिथे कुणासाठीच जुना झालेला नाही.

कुलोब आणि आजूबाजूला गुरुगली पण गातात. हे वीरकाव्य आहे, गुरुगली नावाच्या नायकाचं, एकटा गायक दुंब्रक घेऊन घशातून दाबलेल्या, भरड आवाजात रात्र रात्र गायचा. पोवाडा आवडणाऱ्यांनी जरूर शोधा, पण हा जोर वेगळा आहे, इथे साथीदार झील धरत नाहीत, सगळं एकाच माणसावर.

पायरी ५: आता शशमकोम

शशमकोम म्हणजे सहा मकोम: बुझरुक, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह, इरोक. मकोमला राग समजू नका, सगळा घोटाळा इथेच होतो. राग ही चौकट असते, गायक त्यात दर वेळी नवं रचतो. शशमकोममधला एकेक मकोम म्हणजे ठरलेल्या रचनांची लांब माळ आहे, तोंडपाठ केलेली, उस्तोदकडून शोगिर्दकडे आलेली, आणि गाणाऱ्याचं कौशल्य नवं रचण्यात नसून ठरलेलं किती बारकाईने, किती श्वास राखून गातो यात आहे.

प्रत्येक मकोमचे दोन मोठे भाग. पहिला नुसत्या वाद्यांचा, मुश्किलोत, त्यात तस्निफ, तर्जे, गर्दून, मुखम्मस आणि सकील. दुसरा गाण्याचा, नस्र, तो सराखबोरपासून सुरू होतो, पुढे तल्कीन, नस्र आणि शेवटी उफोर, मधे मधे तरोना नावाची छोटी हलकी गाणी. सगळं एकदम ऐकायला जाऊ नका. माझा सल्ला असा:

आधी एक तस्निफ घ्या. वाद्यसंगीतात दोन गोष्टी आलटून पालटून येतात, खोना, जी दर वेळी बदलते आणि वर वर सरकत जाते, आणि बोझगुय, जी ध्रुपदासारखी तशीच परत येते. बोझगुय आली की बोट उचला. दोन-तीन दिवस एवढंच करा. मग तीच रचना तुम्हाला घुटमळणारी न वाटता नीट पायऱ्या चढत जाणारी वाटायला लागेल.

नंतर एक सराखबोर. दोयऱ्याचे बोल असतात बुम आणि बक, बुम मधोमध वाजवलेला भरीव, बक कडेला वाजवलेला उघडा. सराखबोरमध्ये ते अगदी सरळ, संथ चालतात. त्यावर गायक खालच्या सुरात सुरू करतो आणि कितीतरी वेळ तिथेच राहतो. थांबा. पुढे औज येतो, म्हणजे वरचा टप्पा, जिथे आवाज एकदम उंच जातो, ताणून धरतो आणि मग परत खाली येतो. औज कळला की शशमकोम कळायला सुरुवात झाली. त्यानंतर उफोर ऐका, नाचाच्या लयीतला, म्हणजे एवढ्या गांभीर्यानंतर माळ कुठे येऊन सुटते ते समजेल.

शब्द हाफिज, जामी, हिलोली यांचे, काही उझबेक म्हणजे जुन्या चगताई भाषेतले. आणि बेदिल! मिर्झा अब्दुल कादिर बेदिल १६४४ मध्ये पाटण्यात जन्मला, १७२० मध्ये दिल्लीत गेला, आपल्याकडे त्याचं नाव फार थोड्यांना माहीत आहे आणि बुखारात आणि ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेत मात्र त्याच्या गझला गाणं हे मोठ्या गायकाचं लक्षण मानतात. मला या गोष्टीचं अतिशय अप्रूप वाटतं.

आवाजांमध्ये बारनो इसहाकोवा (१९२७-२००१) यांच्यापासून सुरू करा. त्या बुखारी ज्यू, जन्म ताश्कंदचा, कारकीर्द दुशान्बे रेडिओवर, शेवटी इस्रायलला गेल्या. बुखाराच्या ज्यूंचं या संगीतात फार मोठं स्थान आहे, अमीराच्या दरबारातले लेविचा म्हणजे लेवी बोबोखोनोव हे त्यांच्यातलेच. त्या समाजातले बहुतेक लोक आता न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आणि इस्रायलमध्ये आहेत, त्यामुळे उत्तम शशमकोम तिकडूनही येतं. बायकांच्या सोझांदा मंडळ्या पण ऐका, लग्नघरात दोयरा घेऊन गाणाऱ्या-नाचणाऱ्या, दरबारी संगीत आणि घरगुती गाणं यांच्यातलं अंतर तिथे पुसून जातं.

सोव्हिएत काळातली रेडिओची रेकॉर्डिंग आणि आजची यात मोठा फरक आहे, तोही लक्षात घ्या. त्या काळात मोठे वाद्यवृंद केले, दहा-पंधरा वाद्यं एकच चाल वाजवताहेत, वाद्यांचे सूरही युरोपीय पद्धतीने समान केले, त्यामुळे बारीक कण हरवले. दुशान्बेच्या मकोम अकादमीत सातोवादक अब्दुवली अब्दुराशिदोव यांनी परत थोडी वाद्यं, काव्याच्या छंदाकडे नीट लक्ष, असं शिकवायला घेतलं. दोन्ही ऐकून बघा, मला दुसरं कितीतरी जवळचं वाटतं.

पायरी ६: शोधायचं कसं

नावांची स्पेलिंगं हा मोठा त्रास आहे. एकच शब्द कुणी शशमकोम लिहितो, कुणी शशमकाम, कुणी शाशमाकोम. ताजिक भाषा सिरिलिक लिपीत लिहितात, म्हणून विकिपीडियाच्या ताजिक पानावरून गायकाचं नाव सिरिलिकमध्ये कॉपी करून यूट्यूबवर टाका, निकाल एकदम बदलतात. समोर सिंथेसायझर आणि लुकलुकणारे दिवे आले तर ते एस्त्रादा, म्हणजे तिथलं पॉप, वाईट नाही पण आपण ते शोधत नाही आहोत.

नीट रेकॉर्डिंग हवं असेल तर स्मिथसोनियन फोकवेज आणि आगा खान संगीत उपक्रमाची मध्य आशियावरची दहा भागांची मालिका घ्या. दुसरा भाग मकोम अकादमीचा आहे, पाचवा बदख्शान एन्सेम्बलचा. सोबतची पुस्तिका त्यांच्या साइटवरून मोफत डाउनलोड करता येते, गाण्यांचे शब्द आणि अर्थ त्यात आहेत, पुस्तिका समोर ठेवूनच ऐका. युनेस्कोच्या चॅनलवर शशमकोम आणि फलक दोन्हीचे छोटे व्हिडिओ आहेत, ते वाद्यं कशी धरतात ते बघायला चांगले.

पायरी ७: जायचंच असेल तर

दुशान्बेला गुर्मिंज संग्रहालय चुकवू नका. गुर्मिंज झवकिबेकोव हे पामीरचे नट आणि गायक, त्यांनी आयुष्यभर जमवलेली वाद्यं तिथे भिंतीवर टांगलेली आहेत, आणि जागा लहान असल्याने सगळं जवळून बघता येतं. २१ मार्चच्या नवरोझच्या सुमारास गेलात तर गाणं-बजावणं रस्त्यावरच सापडतं, पण तेव्हा पामीरकडचे रस्ते बर्फामुळे बेभरवशाचे असतात, खोरोगसाठी जून ते सप्टेंबर बरा. दुशान्बे ते खोरोग पाचशे किलोमीटरहून जास्त, डोंगरातला रस्ता, शेअर जीपने सगळा दिवस जातो, कधी रात्रही. व्हिसा ऑनलाइन मिळतो, बदख्शानसाठी वेगळा परवाना लागतो, अर्ज करतानाच तो मागून घ्या आणि निघण्याआधी त्या भागात प्रवास सुरू आहे ना ते तपासा.

कुणाच्या घरी मद्दोहला बसायला मिळालं तर बूट बाहेर काढा, दाखवतील त्या जागी बसा, आणि मोबाइल काढण्याआधी घरच्या वडीलधाऱ्याला विचारा. ती प्रार्थना आहे, त्यामुळे शेवटी टाळ्या वाजवायच्या नाहीत. घरात दुःखाचा प्रसंग असेल तर रेकॉर्डिंगचा विषयच काढू नका. रुबोब विकत घ्यायचा असेल तर खोरोगला कारागिराकडूनच घ्या, लाकूड पूर्ण वाळलंय का आणि पोट एका ओंडक्यातून कोरलेलं आहे की जोडलेलं, हे दोन प्रश्न विचारा, आणि कातड्यावर अंगठ्याने हलकं वाजवून बघा, आवाज बसका आला तर कातडं ओलाव्याने सैल झालंय. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हाच त्रास होणार, तेव्हा इथे आणल्यावर जून ते सप्टेंबर वाद्य बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि वाजवून झालं की तारा थोड्या सैल करा.